उलट्या तारेचे कूळ

वाशी-नेरूळच्या घरांतून उकुलेले शिकू लागणाऱ्या मराठी मुलाची पहिली अडचण असते ती सूर लावण्याची. कारण हनुवटीकडच्या तारेपासून चारही तारा छेडत खाली आल्यास पेटीच्या हिशोबाने पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा, म्हणजे पांढरी एकला षड्ज मानल्यास प, सा, ग, ध असे एकाच सप्तकातले स्वर निघतात, आणि सर्वांत वरची तार खालच्या सुराची असेल ही अपेक्षा फोल ठरते.

वाद्याचा जन्म सर्वश्रुत आहे. बेलापूरच्या किल्ल्यावर एकेकाळी ज्यांचा अंमल होता त्याच पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरून मजुरांना घेऊन 'रॅव्हन्सक्रॅग' जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूस पोहोचले आणि त्यावरील नुनेस, दियाश व एस्पिरितु सांतु या तीन सुतारांनी पुढे हवाईत ही वाद्ये घडवली. नावाचा वाद मात्र मोठा आहे. हवाई भाषेत 'उकू' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी, यावरून वादकाच्या बोटांना उद्देशून 'उडती पिसू' हा अर्थ रूढ झाला. राणी लिलिउओकलानी यांनी 'येथे आलेली भेट' अशी फोड केली. ती समुद्रापलीकडून आलेल्या वाद्याला शोभते खरी, परंतु लोक वाद्याला नाव देतात ते दिसते त्यावरून, म्हणून पिसूचाच पक्ष बळकट ठरतो.

उलट्या तारेबाबत असे सांगितले जाते की एवढ्या आखूड वाद्यावर खालचा पंचम नीट बोलत नाही. हे कारण टिकत नाही, कारण उकुलेलेचा सांगाडा ज्या मदेरातील माशेत या वाद्यावरून आला, तेही तितकेच लहान असून त्याच्या चारही तारा क्रमाने चढत जातात. उलटा क्रम आढळतो तो त्याच बेटावरच्या रझांव या पाच तारांच्या वाद्यात, ज्याची पहिली तार वगळताच नेमके प, सा, ग, ध उरतात. तेव्हा अंग माशेतचे आणि सूर रझांवचे, हाच निष्कर्ष योग्य होय. रझांवला सरावलेल्या बोटांनी नव्या वाद्यावरही जुनीच जुळणी ठेवली असावी.

मराठी कानाला हा क्रम परका नाही. मिरजेच्या तंबोऱ्यातही मंद्र पंचमावरून जोडाच्या दोन तारांकडे सूर चढतो आणि शेवटी खर्जात उतरतो. म्हणजे तिथेही तारांची जागा आणि सुरांची उंची यांचा जिना मोडलेलाच असतो.

म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात वरच्या तारेपासून न करता षड्जाच्या तारेपासून करावी. ती पेटीशी जुळली की तिच्या चौथ्या पडद्यावर ग मिळतो, ग च्या तारेच्या पाचव्या पडद्यावर ध आणि तिसऱ्या पडद्यावर प. हा प सप्तक न बदलता, खुंटी सावकाश पिळत, हनुवटीकडच्या तारेत उतरवावा.