‘फझी’: पुसट नाव, चोख हिशेब

इंग्रजीत ‘फझी’ म्हणजे लव असलेले, म्हणून कडा पुसट दिसणारे. बर्कली विद्यापीठातल्या लोत्फी झादे यांनी १९६५ साली हे विशेषण गणितातल्या संचाला जोडले. नेहमीच्या संचात घटक असतो किंवा नसतो. इथे सदस्यत्व ० ते १ यांमधले कितीही असू शकते. समजा, ३० अंशांचे पाणी ‘कोमट’ संचात ०.४, तर ३६ अंशांचे ०.९. ही तर संभाव्यताच, असा आक्षेप निघतो. तो टिकत नाही. एखादी गोष्ट घडेल की नाही, याची शंका संभाव्यता मोजते. इथे तापमान ठाऊक आहे. प्रश्न पाणी कितपत कोमट, एवढाच. सदस्यत्वाचे आकडे माणूस ठरवतो हे खरे, पण पुढचा हिशेब काटेकोर असतो. १९८७ साली सुरू झालेल्या जपानच्या सेंदाई भुयारी रेल्वेत गाड्यांचा वेग आणि ब्रेक अशा फझी संचांवर आधारलेल्या तर्काने सांभाळले गेले.