बिस्मथची दोनशे वर्षे

पांढुर्ण्याची गोटमार आटोपली की आमच्या तिगावात गणपतीची लगबग सुरू होते. यंदा स्मरणिकेसाठी राजे-किल्ले सोडून एका धातूचा इतिहास लिहितो आहे.

डिप्लोमाला असताना दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा मेणबत्तीवर धरला आणि मीटरचा काटा हलला, ते अजून आठवते. बॅटरी नाही, डायनॅमो नाही. एक टोक गरम, दुसरे थंड, एवढ्यावर वीज! १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेकने बिस्मथ आणि तांबे जोडून हेच पाहिले. जवळची चुंबकसुई फिरली. गंमत अशी, की ही वीज आहे हे त्याला पटेना. तो चुंबकत्वच म्हणत राहिला.

१९११ मध्ये हॉलंडच्या कामरलिंग ओनेसला दिसले, की उणे २६९ अंशांजवळ पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. अशा धातूत उष्णतेची वीज किती? १९२७ मध्ये माइसनरने मोजली, तर शून्य. विषय तिथेच मिटला असता. पण १९४४ मध्ये रशियाच्या गिन्झबर्गने दाखवले, की उष्णतेने साधा प्रवाह एकीकडे जातो आणि विनारोध प्रवाह तेवढाच परत येतो. वर्गणी आली तेवढीच खर्च झाली तर शिल्लक शून्य दिसते. म्हणून व्यवहार झालाच नाही असे नव्हे.

२००८ मध्ये बिस्मथ पुन्हा पुढे आला. प्रिन्स्टनमध्ये बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रधातूत आतून विसंवाहक, पृष्ठभागावर मात्र वाहक, असा ‘टोपोलॉजिकल’ गुण सापडला. त्याच वर्षी फू आणि केन यांनी मांडले, की असा पदार्थ अतिसंवाहकाला जोडला तर सांध्यावर मायोराना अवस्था मिळावी. १९३७ साली इटलीच्या मायोरानाने स्वतःचाच प्रतिकण असलेला कण सुचवला होता, त्यावरून हे नाव. तिचा पुरावा मात्र निसटता. २०१८ मध्ये विजेच्या मोजमापावरून केलेला एक गाजलेला दावा २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. म्हणून आता अशा सांध्याचे एक टोक किंचित तापवून काय घडेल, याची गणिते मांडली जात आहेत. सीबेकचाच प्रयोग, फक्त अतिथंडीत.

आणि खुद्द बिस्मथ? तो अतिसंवाहक होणारच नाही असे बहुतेकांनी धरले होते, कारण त्यात वीज वाहणारे कण फारच थोडे. लाख अणूंमागे जेमतेम एक. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांश अंशापर्यंत थंड करून तो अतिसंवाहक होतो हे जगाला दाखवले. पुस्तकातल्या प्रचलित सिद्धान्तात ते बसत नाही.