सावकाराची वही आणि आपले सिबिल

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जरोखे, दस्त आणि वह्या. हाती आलेले कागद त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाची पुस्तके याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. आम्हाला हा शब्द मान्य नाही. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, तर जमाव सहसा त्याला हातही लावत नव्हता. दंगेखोर असे वागतात का?

राग कागदावर का होता? कर्ज कुणब्याच्या डोक्यावर, पण हिशेब सावकाराच्या वहीत. किती घेतले, किती फेडले, व्याजाचे मुद्दल कधी झाले, हे वही सांगेल ते खरे. अंगठा उठवणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, आणि कोर्ट सावकाराचेच कागद पुरावा धरून जमीन लिलावात काढत होते. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत दाखवले, त्यामागे हेच वास्तव होते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कोर्टाने देवघेवीचा हिशेब अगदी सुरुवातीपासून तपासावा, असे त्यात होते. आमच्या मते त्याहून मोलाची कलमे शेवटाकडे आहेत: पैसे भरले की लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाची प्रत, आणि खाते उतरवून दिलेले पासबुक. आपल्या कर्जाचा हिशेब आपल्या हाती असावा, हा हक्क कायद्यात असा आला. मेख एवढीच की तो आपण होऊन मागावा लागे. ज्याच्याकडे उद्या बियाण्यासाठी हात पसरायचा, त्याच्याकडे आज हिशेब कोण मागणार?

आज ती वही संगणकात आहे. २००० मध्ये सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. ठाण्याचा मानपाडा घ्या की डोंबिवलीचा मानपाडा रोड, हप्त्यावरचा मोबाइल, दुचाकी, आईने बचत गटातून काढलेले कर्ज, सगळे तिथे पोचते. या अहवालात जातीचा रकाना नाही, हे खरे. पण पिढीजात भांडवल नसलेल्या घरात बुडालेला एक हप्ता सावरायला मागे कोणी नसते. महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेतही मोठा वाटा बँकेने द्यायचा असतो, आणि बँक आधी सिबिल उघडते. नोंद चुकीची असेल तर आपला तरुण तिथेच अडतो, आणि का अडला हे त्याला कळतही नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये या कंपन्यांना आदेश दिला: प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल, गुणांकासह, फुकट द्यायचा. जानेवारी २०१७ पासून तो लागू आहे. पण इथेही तो आपणच मागायचा आहे! दीडशे वर्षांत मेख जागची हललेली नाही.

म्हणून मागा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पॅन आणि मोबाइल क्रमांक द्या. मोफत वार्षिक अहवालाचाच पर्याय निवडा, महिन्याच्या वर्गणीचा नको. 'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्याला पॅन किंवा ओटीपी देऊ नका. अहवालात न घेतलेले कर्ज आहे का, फेडलेले कर्ज चालू दिसते का, 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शेरा आहे का, आणि कोणी आपली चौकशी केली, हे बघा. चूक असेल तर तक्रार नोंदवा. तीस दिवसांत ती सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

चारही कंपन्यांकडची नोंद सारखी असेलच असे नाही, म्हणून चारही अहवाल काढा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घटतो, ही निव्वळ अफवा आहे.