जुनी फटफटी आणि बदललेला रस्ता

इंग्लंडांत एप्समच्या माळावरून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जुन्या मोटारसायकलींची एक यात्रा १९३० सालापासून भरत आलेली आहे. १९१५ पूर्वीं तयार झालेल्या गाड्यांनाच तींत प्रवेश मिळतो. ज्या मराठीनें या वाहनाला त्याच्या आवाजावरून ‘फटफटी’ असें चपखल नांव दिलें, ती बोलणाऱ्या श्रोत्यांना हा देखावा परका वाटण्याचें कारण नाहीं. परंतु या यात्रेसाठीं रस्ता बंद ठेवीत नाहींत. शंभर वर्षांपूर्वींचें यंत्र आणि आजची मालमोटार एकाच डांबरी रस्त्यावरून जातात. तेथील साध्या दुपदरी रस्त्यावर, वस्ती सोडल्यास, मोटारीला ताशीं ६० मैलांची मोकळीक आहे, आणि १९१४ च्या गाडीचा सुखाचा वेग ३० मैलांच्या आसपासचा. गंमत अशी कीं, ही गाडी जन्मली तेव्हां तक्रार नेमकी उलटी होती : गाडी फार वेगवान् आणि रस्ता मंद.

ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यानें मोटारींना ताशीं २० मैलांची मर्यादा घातली. त्यामुळें शर्यतीच्या शोकिनांनीं आयल ऑफ मॅन या बेटाकडे धांव घेतली. तेथील विधिमंडळ स्वतंत्र होतें आणि शर्यतीसाठीं रस्ते बंद करून देण्यास तें राजी होतें. २८ मे १९०७ रोजीं तेथें झालेल्या पहिल्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतींत एक-सिलिंडरी मॅचलेस गाडीवर बसून चार्ली कॉलिअर विजयी झाला. त्याचा सरासरी वेग ताशीं ३८ मैलांहून किंचित् अधिक भरला. चढावावर पायडल मारून इंजिनाला हातभार (खरें तर पायभार) लावावा लागे, हें आज ऐकतांना हंसूं येईल. पण कायद्याच्या जवळजवळ दुप्पट वेग, तोहि धुळीच्या आणि खडीच्या रस्त्यावर, ही त्या दिवसाची खरी बातमी होती.

वेगाच्या या हौसेंत एक अंग मात्र मागें राहिलें, तें थांबण्याचें. पहिल्या महायुद्धांत दोस्त सैन्यांना सुमारें ३०,००० ट्रायंफ मॉडेल एच गाड्या पुरविण्यांत आल्या. ५५० घनसेंटिमीटरचें इंजिन, तीन गिअर, आणि मागचें चाक फिरविणारा पट्टा अशी तिची रचना. पुढचा ब्रेक म्हणजे सायकलच्या ब्रेकचा थोरला भाऊ. मागचा, पट्टा ज्या कडीवरून फिरे त्या कडीवरच घासणारा. पावसांत दोहोंचाहि जोर ओसरे. शिवाय त्या काळच्या बहुतेक गाड्यांत वंगणाचें कामहि स्वाराकडेच असे. दर कांहीं मैलांनीं त्यानें हातपंपाचा दांडा दाबून इंजिनाला तेल पाजावयाचें. तें तेल परत येत नसे, जळून आणि गळून जाई. किती पाजावयाचें, तें मागच्या निळसर धुरावरून ओळखावयाचें. ठिणगी आगेमागें करण्याची दांडी निराळी, हवेची निराळी. असा स्वार सतत कामांत असे. रस्ता रिकामा होता, म्हणूनच तें त्याला साधत होतें.

१९२४ सालीं नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफनें ‘एसएस १००’ ही गाडी पुढें आणली. ती ताशीं १०० मैल धांवेल अशी हमी ग्राहकाला मिळे. कायद्याची मर्यादा तेव्हांहि २० मैलच होती ! १९३० च्या कायद्यानें ती निरर्थक मर्यादा काढूनच टाकली. पण १९३४ या एका वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं, आणि मार्च १९३५ पासून वस्तीच्या रस्त्यांना ३० मैलांचा नियम लागू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, अरबस्तानांतील लढाईमुळें ख्याति पावलेला टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमध्यें आपल्या ब्रफ गाडीवरून पडला. सायकलवरील दोन मुलांना चुकवितांना हा अपघात घडला. डोक्याला जबर मार बसलेला लॉरेन्स सहा दिवसांनीं वारला. त्याच्यासाठीं बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. स्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा त्यांनीं पुढें पद्धतशीर अभ्यास केला, १९४१ मध्यें तो प्रसिद्ध केला, आणि लष्करी निरोप्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण आलें. सामान्य स्वाराला ब्रिटनमध्यें तें सक्तीचें होण्यास १९७३ साल उजाडावें लागलें.

वेगाचें गणित निर्दय आहे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागतें. ब्रिटिश सरकारच्या नियमपुस्तकांत, चालकाच्या मनाला लागणारा वेळ धरून, ३० मैलांच्या वेगाला ७५ फूट आणि ७० मैलांच्या वेगाला ३१५ फूट अंतर दिलेलें आहे. आणि हा हिशेब चांगल्या ब्रेकचा. एडवर्ड टर्नरनें रचलेली १९३७ ची ट्रायंफ स्पीड ट्विन ताशीं ९० मैलांच्या घरांत जाई. कागदावर पाहिलें तर आजच्या ७० मैलांच्या महामार्गाला ती पुरून उरावी. परंतु तिच्या ब्रेकचा ढोल अवघा ७ इंचांचा, आणि सिलिंडर ओतीव लोखंडाचे. तिच्या काळचा रस्ता वळणांचा व गांवांतून जाणारा होता. दर थोड्या मैलांना इंजिनाला विसांवा मिळे. नोव्हेंबर १९५९ मध्यें उघडलेल्या एम-१ महामार्गानें तो विसांवा काढून घेतला. ७० मैल गांठणें निराळें आणि तासभर ७० मैलांवर राहणें निराळें. १९४८ ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो हा सन्मान्य अपवाद म्हणावा. तिचा वेग ताशीं १२५ मैलांपर्यंत जाई, आणि तिच्या पुढच्या चाकाला एकाऐवजीं दोन ढोल होते.

१९६० पूर्वींच्या गाड्यांना २०१२ पासून ब्रिटनमध्यें वार्षिक तपासणीची सूट आहे. म्हणजे ब्रेक लागतो कीं नाहीं, हें पाहण्याचा भार एकट्या मालकावर आला. मूळच्या ब्रेकपट्ट्यांत वापरीत त्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्यें तेथें बंदी आली. नवी पट्टी शोधून ती ढोलाला अचूक बसवून घ्यावी लागते. कांहीं शुद्धिवादी मालकांना मूळचा स्क्रूहि बदलणें पाप वाटतें. हा हट्ट दिवाणखान्यांत शोभतो. टायर नवे घातले, किंवा साखळीच्या चक्राचे दांते बदलून इंजिनाचे फेरे कमी केले, म्हणून गाडीचें कुळ बुडत नाहीं.

या इतिहासाचा एक धागा भारताशीं जुळलेला आहे. रेडिच येथील रॉयल एन्फील्डची बुलेट १९५५ पासून मद्रासेंत जुळविली जाऊं लागली, आणि इंग्लंडांतील कारखाना बंद पडल्यावरहि येथें तयार होत राहिली. येथील रस्ता दीर्घकाळ मंद होता, म्हणून तिची जुनी घडण फारशी कोणाला खटकली नाहीं. मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाहीं. बुलेट जुन्या महामार्गानें जाते, आणि तिच्या प्रकृतीला तोच मानवतो.

एप्समहून निघालेले स्वारहि सकाळीं लौकर निघतात. उताराच्या बऱ्याच आधीं थ्रॉटल मिटून इंजिनाच्याच ओढीनें ते वेग आवरतात, मागून आलेल्या मोटारीला हातानें पुढें जाण्याची खूण करतात, आणि तोच हात पुन्हां तेलाच्या पंपाकडे नेतात.