तंतुकणिका-कार्य चाचणी

नव्या औषधासाठी हाती घेतलेले रसायन पेशीतील तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांच्या, कामात अडथळा आणते का, हे ते माणसाला देण्याच्या बरेच आधी पाहणारी प्रयोगशाळेतील तपासणी. औषधांमुळे यकृत, हृदय, स्नायू आणि मज्जातंतूंना होणाऱ्या इजांमागे तंतुकणिकांतील बिघाड हे एक महत्त्वाचे कारण असते. म्हणून अनेक औषध कंपन्या ही चाचणी शोधाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच करून घेतात.

कार्य आणि बिघाड : अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील प्रथिन-संकुलांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या ओघात प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात आणि आत परतताना एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू बनवणारे विकर फिरवतात. धरणाचे पाणी जनित्र फिरवते, तसेच. ही व्यवस्था अनेक ठिकाणी मोडू शकते. रोटेनोन साखळीतले पहिलेच संकुल बंद पाडते. डायनायट्रोफेनॉल प्रोटॉनना परतीची आडवाट काढून देते. मग ऑक्सिजन खर्च होत राहतो, उष्णता निघते, पण एटीपी तयार होत नाही. 1933मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच रसायन वजन उतरवण्यासाठी वापरून पाहिले आणि त्याचा खप झपाट्याने वाढला. वजन उतरलेही, पण काहींना मोतीबिंदू झाला, काही जण अंगात भडकलेल्या उष्णतेने दगावले. 1938च्या अन्न, औषध व प्रसाधन कायद्यानंतर अमेरिकेत ते औषध म्हणून बंद झाले.

बिघाडाचा तिसरा मार्ग अधिक छुपा आहे. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो : 16,569 बेस-जोड्या, 37 जनुके आणि त्यांतून बनणारी 13 प्रथिने. ही सगळी प्रथिने श्वसनसाखळी आणि एटीपी-विकर यांचेच भाग आहेत. या डीएनएची नक्कल थांबली तरी पेशी लगेच कोसळत नाही. आधीच बनलेली प्रथिने काही दिवस, काही आठवडे काम भागवतात. इजा उघड होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

फियालुरिडीनचा धडा : 1993मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जुनाट हिपॅटायटिस-बी असलेल्या 15 रुग्णांवर फियालुरिडीन या विषाणुरोधी औषधाची चाचणी सुरू होती. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाच्या रक्तात लॅक्टिक आम्ल अचानक वाढले आणि यकृत निकामी झाले. चाचणी तातडीने थांबवली, सर्वांचे औषध बंद केले. तरीही एकूण सात रुग्णांचे यकृत ढासळत गेले. त्यांपैकी पाच जण मरण पावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले. औषधाचा रेणू तंतुकणिकांच्या डीएनएत शिरून बसला होता. प्राण्यांवरील तपासण्यांनी हा धोका दाखवला नव्हता. पुढे त्याचे एक कारण सापडले : औषध तंतुकणिकेत नेणारे वाहक प्रथिन माणसात तिच्या पटलावर असते, उंदरात तिथे नसते.

साखरेतला अडसर : प्रयोगशाळेतल्या पेशीही अशीच फसवणूक करतात. औषधतपासणीत सर्रास वापरली जाणारी हेप-जी-2 ही पेशीमालिका यकृताच्या गाठीतून आलेली आहे. नेहमीच्या वाढद्रावात ग्लुकोजचे प्रमाण लिटरला 25 मिलिमोल, म्हणजे रक्तशर्करेच्या परिचित भाषेत 100 मिलिलिटरला 450 मिलिग्रॅम असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तशर्करेच्या सुमारे पाचपट. एवढी साखर हाताशी असली की या पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडूनच ऊर्जा भागवतात. 1929मध्ये संशोधक क्रॅबट्री यांनी नोंदवलेला परिणाम तो हाच. अशा पेशींवर तंतुकणिकांचे विष टाकले तरी त्या जगतात आणि औषध सुरक्षित असल्याचा भास होतो.

2007मध्ये फायझरच्या संशोधकांनी यावर साधा तोडगा मांडला. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज द्यायचे. ते फोडून या पेशींना पुरेसा एटीपी मिळत नाही, त्यामुळे त्यांना तंतुकणिकांवरच विसंबावे लागते. मग एकच रसायन दोन्ही वाढद्रावांत वाढत्या मात्रेने तपासतात. गॅलॅक्टोजमधल्या पेशी बऱ्याच कमी मात्रेला, साधारणपणे एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी मात्रेला, मेल्या तर संशयाचे बोट तंतुकणिकेकडे वळते.

श्वसनाचे मोजमाप : बिघाड नेमका कुठे आहे, हे ऑक्सिजनच्या खपावरून कळते. 1950च्या दशकात लेलँड क्लार्क यांच्या इलेक्ट्रोडमुळे हे मोजमाप सोपे झाले, पण एका वेळी एकच नमुना घेता येई. आजच्या सीहॉर्स यंत्रात 96 खाचांची पट्टी बसते. प्रत्येक खाचेत एक शोधक खाली उतरतो, पेशींवरचा काही मायक्रोलिटर द्राव थोडा वेळ कोंडतो आणि ऑक्सिजन किती वेगाने घटतो, आम्लता किती वाढते, हे टिपून वर येतो. मग क्रमाने तीन मात्रा सोडतात. ऑलिगोमायसिन एटीपी-विकर थांबवते, म्हणून खप जितका घटतो तितका एटीपीसाठीचा. एफसीसीपी प्रोटॉनची आडवाट उघडते, तेव्हा साखळीची कमाल ताकद दिसते. शेवटी रोटेनोन व अँटिमायसिन साखळी बंद करतात. तरीही उरलेला खप तंतुकणिकेबाहेरचा.

निष्कर्षाच्या मर्यादा : सौम्य अडथळा म्हणजे बाद औषध, असे समीकरण नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिनही पहिल्या संकुलाला काहीसे रोखते आणि तरीही जगभर ते पहिल्या पसंतीचे औषध आहे. त्याच कुळातले फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साचवते, म्हणून 1970च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून हटले. प्रयोगशाळेत बाधणारी मात्रा रुग्णाच्या रक्तातील कमाल मात्रेच्या किती पट आहे, औषध कोणत्या अवयवात साचते, किती दिवस घ्यायचे आहे, यांवर निकाल ठरतो. उलट, अनेक औषधे एकाच वेळी इतर मार्गांनीही पेशी मारतात. तेव्हा दोन्ही साखरांमध्ये फरकच दिसत नाही. आणि 24 तासांची कोणतीही चाचणी फियालुरिडीनसारखे औषध पकडू शकत नाही. त्यासाठी पेशी कित्येक दिवस औषधात ठेवून तंतुकणिकांच्या डीएनएचे प्रमाण मोजावे लागते.

भारतातील संदर्भ : एचआयव्हीवरील मोफत उपचारांत पूर्वी दिले जाणारे स्टॅव्हुडीन तंतुकणिकांच्या डीएनएची नक्कल रोखते. हातापायांची बधिरता, चेहऱ्यावरची चरबी झडणे आणि लॅक्टिक आम्ल वाढणे या त्रासांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने 2009मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर आज दिले जाणारे लिनेझोलिड जिवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवते आणि तंतुकणिकांची व्यवस्था जिवाणूंसारखी असल्याने तिथेही हात घालते. म्हणून या रुग्णांच्या रक्तपेशी, दृष्टी आणि पायांतल्या मुंग्या यांवर लक्ष ठेवणे अत्यावश्यक ठरते. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरवते. त्यामुळे गॅलॅक्टोज चाचणीसाठी लागणारे साहित्य येथील विद्यापीठांच्याही आवाक्यात आहे.

औषधमान्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या चाचणीची स्वतंत्र सक्ती नाही. ती करायची की नाही, हे कंपनीच ठरवते. मात्र आठवडेच्या आठवडे घ्यावयाच्या प्रत्येक औषधासाठी ती, दीर्घ मुदतीच्या डीएनए-तपासणीसह, पहिल्या मानवी मात्रेच्या आधी झालीच पाहिजे.