काचेआडची खाडी : मानसोल्लास ते तारापोरवाला

१/ दिघीच्या धक्क्यावरून पाहताना इतिहासप्रेमींची नजर जंजिऱ्याच्या तटावर खिळते. तटाखालच्या राजपुरी खाडीत मात्र गोडे पाणी खाऱ्याला मिळते आणि तेथील जीवसृष्टीलाही इतिहास आहे. ती पाहण्याचा, नोंदवण्याचा आणि काचेआड मांडण्याचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विषय गळाने मासे धरण्याच्या राजक्रीडेचा. पण त्यात सुमारे ३५ जातींचे वर्णन येते. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे अशी वर्गवारीही आहे.

३/ कोणता मासा कोठे राहतो, कोणत्या आमिषाला भुलतो, हे राजाला कोणी सांगितले असेल? असे तपशील रोज पाण्यावर जगणाऱ्यांकडेच असतात. ग्रंथावर नाव राजाचे आहे. त्यामागचे ज्ञान बहुधा अनाम मच्छीमारांचे असावे.

४/ आता १८५३. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. जिवंत मासा घरी न नेता, न खाता, नुसता पाहण्यासाठी लोक येऊ लागले. १९०९ मध्ये ही कल्पना मद्रासच्या किनाऱ्यावर पोहोचली.

५/ मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. बांधकामाचा खर्च सुमारे ८ लाख रुपये; त्यांपैकी २ लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे. एके काळचा राजविनोद आता तिकीट काढणाऱ्या कोणत्याही शाळकरी मुलासाठी खुला झाला.

६/ २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन तेथे काचेचा बोगदाही आला. पुढे कोविडकाळात दारे बंद झाली आणि नंतर इमारतच धोकादायक ठरली. किनाऱ्यावर रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रातील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा आवर्जून पाहावा.

७/ इमारत पुन्हा बांधता येते. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि जागा ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या कोळी बुजुर्गांचे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच जाईल. मत्स्यविनोदात सांगणाऱ्यांची नावे उरली नाहीत. या सुटीत दिघी, राजपुरी किंवा आपल्या गावच्या खाडीवर गेलात, तर माशांची स्थानिक नावे उतरवून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, शेजारी लिहा.