परम ८००० ते गेमिंग लॅपटॉप : वेगाच्या आकड्याचा इतिहास

१/
नवा छोटेखानी गेमिंग लॅपटॉप दुकानात पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याचे आकडे पोहोचतात. कोअर किती, घड्याळगती किती, मेमरी किती, ग्राफिक्स चिपला वॅट किती. हे आकडे आज हौसेने तोंडपाठ केले जातात. परंतु याच जातीच्या आकड्यांवरून एके काळी दोन देशांची सरकारे वाटाघाटी करीत होती. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, मुळा नदीपलीकडच्या गणेशखिंडीत घडले. #इतिहास #धागा

२/
१९८० च्या दशकात महासंगणक म्हणजे क्रे, असे समीकरण होते. मोसमी पावसाचा अंदाज आणि विज्ञानसंशोधन यांसाठी भारताला असे यंत्र हवे होते. मात्र जी गणिते हवामानासाठी चालतात, त्याच प्रकारची गणिते क्षेपणास्त्रांसाठी आणि अण्वस्त्रांसाठीही चालतात. त्यामुळे महासंगणकाची विक्री हा अमेरिकेच्या दृष्टीने व्यापाराचा नव्हे, तर सुरक्षेचा विषय होता. वेग जितका अधिक, तितकी परवानगी कठीण.

३/
दीर्घ वाटाघाटींनंतर दशकाच्या अखेरीस दिल्लीत एक यंत्र आले : क्रे एक्स-एमपी/१४. नावातच त्याचे तपशील दडले आहेत. १ म्हणजे एक प्रोसेसर आणि ४ म्हणजे चाळीस लाख शब्दांची मेमरी. एक शब्द ६४ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ३२ मेगाबाइट. त्याच मालिकेत चार प्रोसेसरांची यंत्रेही होती. भारताला मिळाले ते एका प्रोसेसरचे, हवामानाच्या कामासाठी आणि वापरावरील कडक अटींसह.

४/
म्हणून 'अमेरिकेने संगणक नाकारला' हे लोकप्रिय विधान जसेच्या तसे खरे नाही. संगणक मिळाला, पण किती वेगाचा मिळेल आणि त्यावर काय करता येईल, हे देणाऱ्याने ठरवले. याहून वरच्या दर्जाच्या यंत्राची वाट मात्र अडलेलीच राहिली. नकारापेक्षा ही अट अधिक बोचणारी होती, कारण आपल्या संशोधनाची कमाल मर्यादा दुसऱ्याच्या कागदावर लिहिली जात होती.

५/
१९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. मुदत तीन वर्षे आणि निधी सुमारे ३० कोटी रुपये. नेतृत्व होते डॉ. विजय भटकर यांच्याकडे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव; त्याआधी ते केरळमध्ये इलेक्ट्रॉनिक्स संशोधनात कार्यरत होते. संस्थेचे बिऱ्हाड पुणे विद्यापीठाच्या आवारात मांडले गेले.

६/
प्रश्न सरळ होता. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याची साधने देशात नव्हती आणि तो विकतही मिळणार नव्हता. मग बाजारात मोकळेपणे मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने आणून त्यांना एकाच गणितावर एकत्र राबवता येईल का? जगभर काही प्रयोगशाळांत या 'समांतर संगणना'चा विचार सुरू होता. पण ती क्रेची जागा घेऊ शकेल, असे मानणारे तेव्हा फार नव्हते.

७/
निवडलेला प्रोसेसर होता ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्यूटर. त्याची घड्याळगती २० ते ३० मेगाहर्ट्झ आणि चिपवरची मेमरी अवघी ४ किलोबाइट. दशांशचिन्हाची गणिते करणारा विभाग चिपमध्येच होता. पण त्याचे खरे वैशिष्ट्य निराळे होते. प्रत्येक चिपला चार दुवे होते आणि प्रत्येक दुव्यावरून सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत माहिती शेजारच्या चिपकडे धाडता येई. शेजाऱ्यांशी बोलण्याची सोय या प्रोसेसरच्या मूळ रचनेतच होती.

८/
ही रचना समजून घ्यायला भोसरीइतके चांगले उदाहरण नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोवती लहान वर्कशॉपांचे जाळे विणले गेले. एक जण दांडा घासतो, दुसरा गिअरचे दात पाडतो, तिसरा त्यावर उष्णताप्रक्रिया करतो. एकट्याने कोणीच गाडी बनवत नाही. सगळे मिळून हजारो गाड्यांचे भाग पुरवतात. क्रे हा एकटा असामान्य कारागीर होता. समांतर संगणक म्हणजे भोसरी.

९/
पण भोसरीत वर्कशॉपांइतकाच टेम्पोही महत्त्वाचा असतो. माल वेळेवर पुढच्या दारात पोहोचला नाही, तर उत्तमातले उत्तम यंत्रही रिकामे बसते. समांतर संगणकातही तेच. शिवाय काही काम वाटून देताच येत नाही. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला युक्तिवाद सांगतो, की कामाचा एक दशांश भाग जर वाटता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापटीच्या पुढे जात नाही.

१०/
१ जुलै १९९१ रोजी 'परम ८०००' जगापुढे आला. 'परम' म्हणजे श्रेष्ठ. आणि 'पॅरलल मशीन' या शब्दांचे संक्षिप्त रूपही तेच. प्रारंभीच्या यंत्रात ६४ ट्रान्सप्यूटर होते. रचना वाढवता येण्याजोगी होती. २५६ प्रोसेसरांपर्यंत नेल्यास कमाल वेग १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला दशांशचिन्हाची शंभर कोटी गणिते. पुढे ही यंत्रे रशिया, जर्मनी आणि ब्रिटन येथेही गेली.

११/
येथे 'कमाल' या शब्दापाशी थांबले पाहिजे. कमाल वेग म्हणजे सर्व प्रोसेसर एकही क्षण वाया न घालवता राबले तर मिळणारा कागदी वेग. प्रत्यक्ष गणितांत परम ८००० चा टिकाऊ वेग १०० ते २०० मेगाफ्लॉप्सच्या घरात होता, म्हणजे कमाल वेगाच्या दशांश ते पंचमांश. उरलेला वेळ निरोप पोहोचण्याची वाट पाहण्यात जाई. एक्स-एमपीच्या एका प्रोसेसरची कमाल क्षमता २०० मेगाफ्लॉप्सहून थोडी अधिक होती. म्हणून 'परमने क्रेला कितीतरी पट मागे टाकले' असे म्हणताना कोणता आकडा कोणत्या आकड्याशी ताडला जातो आहे, हे आधी विचारावे.

१२/
दुसरी दंतकथा 'संपूर्ण स्वदेशी' असल्याची. परमचे प्रोसेसर ब्रिटिश होते. शिवाय हा देशातील एकमेव प्रयत्नही नव्हता. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ पासूनच चालत होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' आणि हैदराबादेत संरक्षण संशोधकांचा 'पेस' आकार घेत होते. परमचे मोल यामुळे घटत नाही. एका वीराच्या कथेऐवजी एका पिढीचा उद्योग समोर येतो, इतकेच.

१३/
मग पुण्यात स्वतःचे असे काय घडले? प्रोसेसर जोडण्याची रचना, त्यांच्यातील जोडणी कामानुसार बदलण्याची सोय आणि 'पारस' हे समांतर आज्ञावली लिहिण्याचे वातावरण. या ज्ञानाची कसोटी लवकरच लागली. इन्मॉसचा पुढचा प्रोसेसर टी-९००० रखडला आणि ट्रान्सप्यूटरचे युग ओसरले. पण सी-डॅक थांबली नाही. परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० आला आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क. चिप बदलली, तरी जोडण्याचे कसब हाताशी राहिले.

१४/
दरम्यान त्या १ गिगाफ्लॉपचे काय झाले? १९९९ साली अॅपलने पॉवर मॅक जी-४ हा मेजावरचा संगणक आणला आणि त्याने १ गिगाफ्लॉपची रेषा ओलांडली. त्याचा वेग अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या मर्यादेला भिडला. अॅपलने जाहिरातीत त्या संगणकाभोवती रणगाडे उभे केले आणि निर्बंधाचीच फुशारकी मारली. ही मर्यादा ज्या देशांच्या गटासाठी आखली होती, त्यांत भारतही होता. पुढे मर्यादाच वर सरकवावी लागली.

१५/
२००० साली जपानच्या व्यापार मंत्रालयाने प्लेस्टेशन २ ला निर्यात-नियंत्रणाखाली घेतले, कारण त्यातील चित्रप्रक्रियेची क्षमता लष्करी कामाला वळवता येईल अशी शंका होती. ती शंका अगदीच पोकळ नव्हती. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून 'काँडॉर' नावाचा महासंगणक उभारला. खेळाचे यंत्र आणि युद्धाचे यंत्र यांतील भिंत पातळ होत चालली होती.

१६/
पुण्यात २००७ साली आणखी एक टप्पा आला. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत चौथा ठरला. त्यात १४,२४० कोअर होते, कमाल वेग १७०.९ टेराफ्लॉप्स आणि चाचणीत मिळालेला ११७.९. त्याच्या नियोजित कामांत मोटारीच्या धडकेचे अनुकरण होते. अशा गणितात गाडीचे लक्षावधी तुकडे कल्पून प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला कसा ढकलतो, हे क्षणाच्या सूक्ष्म अंशागणिक काढतात. पिंपरी ते चाकण या पट्ट्यातील मोटार उद्योगाला हे गणित परके नाही. दर वेळी खरी गाडी आपटण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

१७/
आता लॅपटॉपकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने चिपनिर्यातीचे नियम कडक केले, तेव्हा चीनला जाणाऱ्या चिपांसाठी 'एकूण प्रक्रियाक्षमता ४८००' ही रेषा आखली. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे गेमिंगचे कार्ड त्या रेषेच्या वर गेले. कंपनीने १६,३८४ कोअरांवरून १४,५९२ वर उतरवून चीनसाठी '४०९० डी' काढले. एका खेळाच्या कार्डाचे तपशील असे परराष्ट्रनीतीने ठरवले.

१८/
लॅपटॉपमधील '४०९०' मात्र नावापुरताच सारखा आहे. त्यात ९,७२८ कोअर असतात आणि मेजावरच्या कार्डाला ४५० वॅट मिळतात, तेथे लॅपटॉपच्या चिपला ८० ते १५० वॅट. त्यातील नेमके किती, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. देह जितका लहान, तितकी उष्णता बाहेर काढणे कठीण. म्हणून एकाच चिपचे दोन लॅपटॉप निराळ्या वेगाने धावतात. कमाल वेग आणि टिकाऊ वेग यांतील अंतर परमच्या काळी निरोपांमुळे पडत होते. आज छोट्या लॅपटॉपमध्ये ते उष्णतेमुळेही पडते.

१९/
मध्यम दर्जाचा गेमिंग लॅपटॉप आज ३२-बिट गणितांत १० टेराफ्लॉप्सचा कमाल वेग सहज सांगतो. म्हणजे परमच्या दहा हजार पट? इतके सरळ नाही. विज्ञानाच्या गणितांना बहुधा ६४-बिट अचूकता लागते, आणि गेमिंगच्या या चिपांत ती चौसष्टांश वेगाने मिळते. तरीही ढोबळ दीडशे पट उरतेच. एका अर्थाने हा विचारांचा विजय आहे : ग्राफिक्स चिप म्हणजे हजारो साध्या कोअरांची जोडणी. १९८८ साली जी वाट आडवळणाची मानली जाई, तीच आज हमरस्ता आहे.

२०/
सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. पुण्याचे यंत्र जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. 'रुद्र' सर्व्हरची रचना देशात झाली. त्यातला प्रोसेसर मात्र इंटेलचा आहे. सी-डॅक स्वतःच्या 'ओम' या प्रोसेसरवर काम करते आहे. १९९१ चा प्रश्न सुटलेला नाही. मधल्या काळात त्याचा बराच भाग सोडवला गेला आणि अवघड भाग उरला.

२१/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या यंत्राचे आकडे समोर आले, की चार प्रश्न विचारावेत. हा वेग कमाल की टिकाऊ? किती बिटांच्या अचूकतेत? किती वॅटवर? आणि तो कोणाला विकत घेता येतो, हे कोण ठरवते? पहिले तीन प्रश्न ग्राहकाचे पैसे वाचवतात. चौथा प्रश्न गणेशखिंडीतल्या त्या मंडळींना पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांना तीन वर्षांत बाकीचे तिन्ही प्रश्न शिकावे लागले.